दोघींच्या गोळ्या

"रक्त वाढायचं सोडून उतरलंय की तुझं! पोटातलं बाळ पोसायचं कसं? तांबड्या गोळ्या खातीस का उकिरड्यावर टाकतीस?" शिरोळच्या दवाखान्यात नर्सबाई कडाडल्या. सातव्या महिन्यातली संयोगिता पदर पिळू लागली. सोबत आलेली सासू पुढं सरसावली. "खातीय की! एक दिवस ती, एक दिवस मी. तुम्हीच सांगितलंय नव्हं, दोघींत वाटून खावा?" नर्सबाई चमकल्या. "मी? अहो मावशी, त्या तिच्या एकटीच्या हायत!" सासू मटकन बसली. "नातवंडाच्या तोंडचा घास खाल्ला व्हय मी?" संयोगिताला रडू फुटलं. "तुम्ही चुलीपुढं भोवळ येऊन पडलासा, आत्ती, म्हणून मीच बाईंचं नाव सांगितलं. मला आई न्हाय. तुमास्नी काय झालं तर बाळाला न्हाऊ कोण घालणार?" नर्सबाईंनी सासूसाठी गोळ्यांचं दुसरं पाकीट काढलं. सासूनं सुनेचे डोळे पदरानं पुसले. "खुळे, आईला फसवतीस व्हय गं?"