एकच तोंड

"मम्मी, पान तोडणार नाय. शब्द दिला ना!"

असं म्हणून रीनानं नेलपॉलिशची बाटली उघडली, तशी उगमबाईंच्या कपाळावर आठी चढली. पर्युषणाचा सहावा दिवस. घरात हिरव्या पानाला सुरी लागत नव्हती. त्यांची स्वतःची अठाई चालू होती. आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवस मावळेपर्यंत. आणि लेक पुण्याच्या प्रयोगशाळेतून घरी येऊन नखं रंगवणार!

"नखांना नाय गं. ह्याला."

रीनानं खिडकीतल्या कुंडीकडं बोट केलं. टीचभर उंचीचं ते रोप तिनं एसटीत मांडीवर धरून नारायणगावपर्यंत आणलं होतं. पानाच्या पाठीवर हवा घ्यायला बारीक तोंडं असतात. शहाण्या झाडात दोन तोंडांच्या मध्ये निदान एक पेशी तरी मोकळी राहते; तसा हुकूम त्याच्या जीनमध्येच असतो. ह्या रोपात तो हुकूमच बिघडलाय, असं रीनाचं म्हणणं. खरं निघालं तर दोन वर्षं सार्थकी लागली, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. तिच्या सरांना शंका होती. तिला मात्र तिळभर नव्हती.

तिनं पानाच्या पाठीवर पॉलिशचा पातळ हात फिरवला, वाळू दिला, वर चिकटपट्टी दाबून अलगद उचलली. पान जागच्या जागी राहिलं, ठसा पट्टीवर आला. तो काचेवर लावून तिनं सोबत आणलेल्या छोट्या मायक्रोस्कोपखाली सरकवला, डोळा लावला आणि गालातल्या गालात हसली.

"तूच बघ."

उगमबाई चष्मा वर सारून वाकल्या. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

"अगं बाई, ही तर एकाला एक खेटून बसलीत! हितं दोन, तितं तीन. लई झाली की गं."

"हेच तर पायजे व्हतं मला!" रीना आनंदानं ओरडलीच.

"मग एवढ्या तोंडांतून पाणी उडून नाय जात?"

"जातं ना. म्हणून तर सारखं सुकतं बिचारं," म्हणत तिनं कोपऱ्यातल्या फोनवर झडप घातली.

"सर, मी म्हटलं नव्हतं?" तिकडून सर खुशीत काहीबाही विचारत होते. सांगता सांगता रीनानं मागं वळून पाहिलं. सूर्य टेकला होता. उगमबाईंनी आजचं शेवटचं पाणी पेल्यात ओतून घेतलं होतं. आता उद्या सकाळपर्यंत थेंब नाही. त्यांनी दोन घोट घेतले आणि उरलेला पेला हळूहळू कुंडीत रिकामा केला.

"मम्मी! तुला राहू दे की!"

"मला काय," पदरानं ओठ टिपत उगमबाई म्हणाल्या, "मला एकच तोंड हाय."