रेषेच्या टोकाशी

पडद्यावर दोनच रेषा होत्या. एक काळीभोर, एक राखेसारखी. रंगाचा टिपूसही नव्हता.

"पोर्तूला इतके शनिवार घालवून हे शिकलीस होय, पोरी?" हिशेबखात्याचे म्हातारे बेर्नार्दिनु पुटपुटले. "दुकानातले रंग संपले होते वाटतं."

टेबलाभोवती दबकं हसू फिरलं. नोएमियाने मान वळवली नाही. ती मालकाच्या चेहऱ्याकडे पाहत होती. त्या चेहऱ्यावर तिला आज चोरी पकडायची होती.

मालक, इंजिनियर सारायवा. त्याच्या पुढ्यात कॉफीचा इवलासा कप आणि शेजारी विक्रीचा करार. नदीकाठची गिरणी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. आज तिच्यातले माग विकायचे होते. सही झाली की शुक्रवारी ट्रक येणार. माग गेले की ती गिरणी पुन्हा कधी श्वास घेणार नव्हती. त्यांतल्याच एका मागावर नोएमियाच्या आईने उभं आयुष्य विणलं होतं. आता ती खिडकीशी बसून असे. हात मांडीवर, पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखे.

दोन वर्षांपूर्वी याच पडद्यावर बेर्नार्दिनुंनी नदीकाठची आणि डोंगरावरची, अशा दोन गिरण्यांच्या नफ्याचा आलेख दाखवला होता. एक रेषा हिरवी, एक लाल. कोणता रंग कोणत्या गिरणीचा, ते खाली कोपऱ्यात, दोन रंगीत चौकोनांपुढे, बारीक अक्षरांत. हिरवी चढतेय, लाल बुडतेय, एवढं बोलून ते खाली बसले. थोरले सारायवा नुकतेच वारले होते. मुलाला त्या खुर्चीवर बसून महिनाही झाला नव्हता. त्याने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे सांगितलं, की नदीकाठची बंद करू.

चढणारी हिरवी रेषाच नदीकाठची होती. खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या नोएमियालाही. कुणाची पापणी हलली नाही. लिस्बनचे कुणी हॉटेलवाले त्याच आठवड्यात नदीकाठ पाहून गेले होते. जागा त्यांना विकायची असणार, जो तो काय ते समजला.

तेव्हापासून नोएमियाचा संशय डोंगरावरून उतरणाऱ्या धुक्यासारखा वाढत गेला. त्याने आधी झाडं गिळली, मग घरं. रंगवलेल्या लोकरीच्या नमुन्यांवर सारायवा कधी सही करत नसे. ती निवड रंगाऱ्यांवर सोपवी. तिने ताडलं, याला कुठे बोटांचा ठसा उमटू द्यायचा नाही. जूनमध्ये सारं गाव चेरी तोडायला बागांत उतरे, तेव्हा हा झाडाखाली हात मागे बांधून उभा. माज, दुसरं काय. आलेख समोर आला की म्हणे, तुम्हीच सांगा काय ते. हाही कावाच. नदीकाठी हॉटेल अजून उभं राहिलं नव्हतं, पण त्यातही तिला डाव दिसे. मुरलेला चोर घाई करत नाही.

पोर्तू शहरातल्या, आलेख काढायला शिकवणाऱ्या शनिवारच्या वर्गातल्या बाई पुन्हा पुन्हा एकच सांगत: पाहणाऱ्याला शोधायला लावू नका, नाव रेषेच्या टोकाशीच लिहा. नोएमियाने त्या शिकवणीचा सापळा केला. जुनेच आकडे घेतले आणि रंग पुसून टाकले. चढत्या काळ्या रेषेच्या टोकाशी ठळक लिहिलं, 'नदीकाठ'. उतरत्या राखाडीच्या टोकाशी, 'डोंगर'. कोपऱ्यात दडायला आता जागा नव्हती. नोकरी जाईल, हे धरूनच ती उभी राहिली होती.

ती संतापाची वाट पाहत होती, निदान ओशाळ्या हसण्याची. दोन्ही आलं नाही. सारायवा उठून पडद्याजवळ गेला. अंधारात दाराची कडी चाचपावी तसं त्याने काळ्या रेषेवरून बोट नेलं, थेट नावापर्यंत.

"हे केव्हाचे आकडे, नोएमियाबाई?"

"त्या दिवशीचेच, इंजिनियरसाहेब. एकही बदललेला नाही."

"म्हणजे चढणारी रेषा नदीकाठची होती."

तो जागेवर परतला. पेनाला टोपण लावलं, करार दूर सारला. मग कपाकडे पाहत, जड शब्दांत, त्याने सांगितलं. लाल आणि हिरवा त्याला लहानपणापासून एकच दिसतो, ओल्या मातीसारखा. लोकरीवर जगणाऱ्या बापाला हे सांगायची छाती झाली नाही. पुढे कुणालाच सांगायची झाली नाही. त्या दिवशी कोपऱ्यातले दोन्ही चौकोन सारखेच दिसले. नदीकाठची गिरणी जुनी, म्हणजे बुडणारी तीच असेल, असं त्याने धरलं. डोंगरावरची बुडतच राहिली, आणि दोन वर्षं तो बाजाराला दोष देत होता.

"अंदाज होता तो," तो म्हणाला. "बोलून मी थांबलोसुद्धा. म्हटलं, चुकलो असेन तर कुणीतरी अडवेल. एवढी माणसं होतात तुम्ही. कुणीच का बोललं नाही?"

बेर्नार्दिनु टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. नोएमियाच्या ओठांशी दोन वर्षं घोटून ठेवलेली वाक्यं होती. त्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं.

"आम्हाला वाटलं," ती म्हणाली, "तुम्हाला दिसतंय."