निळी अंडी

"काका, पिवळी सगळी सापडली. निळी कुठेयत?" अस्मिताने विचारलं.

विद्याधररावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

ईस्टरचा रविवार. मुलुंडच्या त्या सोसायटीच्या आवारात सकाळीच ऊन चढलं होतं आणि पोरं कंटाळून पार्किंगच्या सावलीत फतकल मारून बसली होती. तळमजल्यावरचे फर्नांडिस दर ईस्टरला अंडी शोधण्याचा हा खेळ मांडायचे. ते वसईला राहायला गेले, पण प्लॅस्टिकच्या अंड्यांचं पोतं मागे ठेवून गेले, आणि पोरं काही खेळ सोडायला तयार होईनात. गणपतीत कोडी तुम्हीच घालता ना, असं म्हणून कमिटीतल्या अस्मिताने ते पोतं विद्याधररावांच्या दारात आणून ठेवलं. चौथ्या मजल्यावरच्या शहांनी अंडी या शब्दाला नाक मुरडलं, म्हणून फळ्यावर 'रंगीत गोळ्यांचा शोध' असं लिहिलं गेलं. पोरं अंडीच म्हणत होती.

पिवळ्या अंड्यांसाठी विद्याधररावांनी आठवडाभर कोडी रचली. पोरांना ती रटाळ वाटतील या धास्तीने फाडली आणि पुन्हा लिहिली. पोरांनी एकही कोडं न वाचता सगळी पिवळी अंडी हुडकून काढली.

निळी त्यांनी लपवलीच नव्हती. ती सुहासिनीबाईंनी लपवली होती.

बायकोला घरात एकटीला ठेवायची सोय राहिली नव्हती. म्हणून सकाळी तिला बरोबर खाली आणलं आणि हाताला चाळा हवा म्हणून निळ्या अंड्यांची टोपली तिच्याकडे दिली. फाटकावर कोड्याचा कागद लावताना चिकटपट्टीचं टोक सापडेना. सापडलं तेव्हा वळून बघतात तर टोपली रिकामी.

कुठे ठेवलीस, असं त्यांनी विचारलं. काय, असं तिने विचारलं.

आता सुहासिनीबाई बदामाच्या झाडाखालच्या बाकावर बसल्या होत्या. साडीला पिन विद्याधररावांनीच लावून दिली होती. निऱ्या जरा वर-खाली झाल्या होत्या, पण लांबून कळत नव्हतं. सोसायटीच्या लेखी त्या अजून गणिताच्या बाई होत्या. अस्मितासुद्धा त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर अपूर्णांक शिकली होती. हल्ली बाई खाली का येत नाहीत, असं कोणी विचारलं की विद्याधरराव गुडघ्यांचं नाव पुढे करायचे. घरात किल्ल्या तांदळाच्या डब्यात निघतात आणि चष्मा फ्रीजमध्ये, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"टोपली बाईंकडे होती ना? मी खिडकीतून बघितलं," अस्मिता म्हणाली. "थांबा, त्यांनाच विचारते."

ती बाकाकडे निघाली. विद्याधररावांना कधी कोणाची वाट अडवायची सवय नव्हती. ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तिला नको विचारूस. मीच लपवलीयत. कुठे ते विसरलो."

"काका, वाट लावलीत पोरांची," अस्मिता हसत म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "कधीपासून होतंय असं? डॉक्टरना दाखवलंत?"

"दाखवलंय. गोळ्या चालू आहेत."

यात खोटं काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगांत बातमी पोचणार होती, बिचारे विद्याधरराव, डोकं गेलं म्हणून. पोचू दे, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

ते पोरांकडे गेले. आता कोडी नाहीत, असं त्यांनी सांगून टाकलं. ज्याला ज्याला झाकण आहे ते उघडायचं. जे उपडं आहे ते उलटं करायचं. आणि चपला-बुटांच्या आत हात घालायचा.

यात मात्र त्यांना कसलीच शंका नव्हती. घरी रोज तेच चाललं होतं.

वॉचमनच्या बुटांत दोन निघाली. स्कूटरवरच्या हेल्मेटमध्ये एक. गाड्या धुणाऱ्याच्या उपड्या बादलीखाली तर ढीगच होता. पोरांच्या अंगात वारं शिरलं. असं लपवायला पाहिजे यार, पिवळी एकदम फालतू होती, असं एकजण ओरडला. विद्याधररावांना ते पटलं.

त्या धांदलीत सगळ्यांत छोटी स्वरदा बाकापाशी गेली आणि सुहासिनीबाईंचा हात धरून त्यांना ओढू लागली. आजी, तुम्ही पण शोधा ना. विद्याधरराव दोन पावलं पुढे झाले आणि थांबले. बाई उठल्या होत्या.

त्या स्वरदाबरोबर कुंड्यांच्या रांगेपाशी गेल्या. एकेका कुंडीमागे वाकून बघू लागल्या, अगदी मन लावून, वही तपासायच्या तशा. शेवटच्या कुंडीमागून त्यांचा हात वर आला. हातात निळं अंडं होतं.

"सापडलं," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरचा आनंद खराखुरा होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

स्वरदाने पिशवी पुढे केली, पण बाई पोरांच्या घोळक्यातून वाट काढत सरळ नवऱ्यापाशी आल्या. अस्मिता शेजारीच उभी होती; तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी अंडं विद्याधररावांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली.

"हे तुमच्याकडे असू दे हं," त्या हळूच म्हणाल्या. "मी ठेवलं की सापडत नाही."

विद्याधररावांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागले. एका हातात अंडं होतं, एका हाताने ते जमेना. तेव्हा अस्मिताने चष्मा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या ओढणीने बराच वेळ पुसत राहिली.