घरची भाषा

तिसरीत गेली तरी मयुराला साधं वाक्य वाचता येईना, म्हणून तिच्या गाझियाबादच्या शाळेने आम्हाला बोलावलं. समुपदेशक मॅडमनी आधी तिलाच विचारलं, "बड़ी होकर क्या बनोगी, बेटा?"

"नीट."

मॅडम हसल्या. "अरे वाह! अभी से नीट की तैयारी? डॉक्टर बनोगी?"

"डॉक्टर नहीं. बेबी आने से पहले नीट बनना है."

"बेबी?" मॅडम माझ्याकडे वळल्या. "बधाई हो!"

"नहीं, अभी तो सिर्फ सोच रहे हैं," माझा नवरा विक्रांत घाईने म्हणाला.

मयुरा घरातही हिंदीच बोलते. तिला मराठी कळत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. 'दुसरं तरी नीट होईल' हे आम्ही जेवताना बोलायचो, तिच्यासमोरच.