पयले सुनेले

पुंजाराम मास्तरांनी जन्मभर बार्शीटाकळीच्या शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर घरच्यांना घेऊन ते इंग्रजांच्या वेळची वेधशाळा बघायला आले आणि रांगेत उभ्या लोकांना भिंग, आरसा, ग्रहांच्या कक्षा असं सगळं न विचारता समजावत राहिले. सूर्य बुडाला, अंधार पडला, त्यांचा नंबर लागला.

"या, शनी दिसतोय," दुर्बिणीजवळचा माणूस म्हणाला.

मास्तर झटकन मागे सरले. "माही साडेसाती चालू हाय. किशोर, तुहीबी. पयले सुनेले पाहू दे. ते परक्या घरची हाय."

इंजिनिअर किशोर मुकाट्यानं बापाच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. रागिणीनं नवऱ्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पदर खोचला आणि दुर्बिणीला डोळा लावला. कडं घातलेला तो देखणा ग्रह तिनं मन भरेस्तोवर पाहिला.

"काही झालं काय वं?" सासऱ्यानं लांबूनच विचारलं.

"मले काय होते, मामाजी?" डोळा न काढता ती म्हणाली. "थो माह्याकडं पाहूनच नाई राहिला. म्हणते, या घरातले मर्द कुठी लपले?"