माइक चालू असताना

"उठलाय. रडत नाहीये. काळजी नको."

सासूबाईंचा बाळाबद्दलचा मेसेज निवेदिकेनं दोनदा वाचला. रडत नाहीये म्हणजे मघापर्यंत रडत होता. एका हातानं उत्तर टाइप करता करता तिनं दुसऱ्या हातानं पुढच्या गाण्याचा आवाज वाढवणारा फेडर वर सरकवला, आणि रेडिओवरच्या दुपारच्या मवाळ गाण्यांमध्ये शिवणयंत्राची घरघर सुरू झाली. पाठोपाठ ड्रम्स कडाडले.

चुकीचा फेडर. जाहिराती चालू असताना ती हेडफोनवर एकटीच चोरून ऐकत होती, ते गाणं आता गावभर गेलं होतं.

गाणं तिघीजणींचं. कपडे शिवणारी एकजण गिटार वाजवते, गणिताच्या बाई ड्रम्स बडवतात, दातांच्या दवाखान्यातली नर्स गाते. पाठीशी ना कंपनी, ना कुणाची ओळख. शिवणाच्या दुकानात शटर ओढून घेऊन रेकॉर्ड केलेलं. बाळंतपणाच्या रजेत निवेदिकेचा नव्या बँड्सचा कार्यक्रम बंद पडला होता. परत आल्यापासून ती केंद्रप्रमुख सरांच्या मागे लागली होती, निदान हे एक गाणं तरी लावू द्या. सकाळी सरांनी सुरुवातीची नुसती घरघर ऐकून ते बंद केलं.

"हे कोण ऐकणार? आणि तू आता आई झालीस, जरा शांत गाणी लाव की. पुन्हा हा विषय काढलास, तर दुपारचा कार्यक्रमही दुसऱ्या कुणाला देईन."

काचेपलीकडे तंत्रज्ञ दोन्ही हात हलवत होता. "ताई, खाली घ्या!" तिच्या कानात त्याचा आवाज आला. "अहो, सर निघालेत केबिनमधून!"

फेडर नुसता खाली ओढायचा. 'क्षमस्व' म्हणायचं. संपलं. तिचं बोट त्यावर टेकलं, तेवढ्यात नर्सचा आवाज कडव्याच्या टोकाला पोचला, जरासा चिरकला, आणि माघार न घेता तसाच वर चढला.

तिनं बोट उचललं.

दार उघडलं. सर लालबुंद. ते काही बोलणार इतक्यात तिनं माइक चालू केला. खोलीतले स्पीकर आपोआप गप्प झाले, लाल दिवा लागला. तो लागला की इथला खोकलासुद्धा गावभर जातो, हे सरांनीच तिला शिकवलं होतं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

त्यांनी फेडरकडे हात नेला. तिनं तो आपल्या पंजानं झाकला. झटापट करावी, तर तीही प्रक्षेपित व्हायची. सरांनी डोळे वटारले. तिनं त्यांच्यापुढे दुसरा हेडफोन धरला.

नुकसान किती झालंय ते तरी पाहावं, अशा चेहऱ्यानं त्यांनी तो कानांवर चढवला.

मध्येच गाणं थांबलं. सुटलो, म्हणून सरांनी हेडफोनला हात लावला, आणि तिघींचा आवाज पुन्हा एकदम कोसळला. सरांचा हात तिथंच राहिला. मग खुर्ची वाजू नये म्हणून ती उचलून, जपून जवळ ठेवून ते बसले. जरा वेळानं त्यांनी स्वतःच आवाज वाढवला.

शेवटचा सूर विरला. कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कळत नाही, आणि समोर माइक आहे हेही सर विसरले होते.

"कोण गं या?" ते ओरडले.

काचेपलीकडे तंत्रज्ञानं डोकं धरलं.

निवेदिका माइककडे वाकली. "बरं झालं विचारलंत, सर," ती म्हणाली, आणि सगळ्या गावाला तिनं त्या तिघींची नावं सांगितली, सावकाश, एकेक करून.