खिडकीकडची खुर्ची

"काका, तिन्ही पडद्यांवर मिळून एकच आभाळ दिसतं, आणि ते एकाच माणसाच्या डोळ्यांना सरळ दिसतं," संगणकाचे पडदे जोडायला आलेली पूर्वा स्क्रू आवळत म्हणाली. "तुमचे डोळे जमिनीपासून किती उंचीवर येतात ते सांगा."

घरबसल्या विमान उडवायचा हा थाट टिपणीसांनी सत्तरीत मांडला होता. विमानतळावर बत्तीस वर्षं त्यांनी बॅगा तोलल्या. अर्धा किलो जास्त भरला तर नवरदेवालाही सोडलं नाही. बायकोला मात्र दर वर्षी सांगायचे, "पुढच्या उन्हाळ्यात नक्की. खिडकी तुझीच." कर्मचाऱ्यांचं फुकट तिकीट हाताशी होतं, रजा तेवढी निघाली नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

उजवीकडे तिची जुनी खुर्ची होती. टिपणीसांनी टेप तिच्यामागच्या भिंतीवर धरली. डोकं टेकायच्या जागी तिथे खोबरेल तेलाचा डाग होता. रंगाऱ्यालाही त्यांनी त्याला हात लावू दिला नव्हता.

"त्रेचाळीस इंच."

"अहो, तुम्ही सहा फुटी! त्यात चालवणार डावीकडे बसून. तुम्हाला धावपट्टी वाकडी दिसेल."

"दिसू दे."

पूर्वाने उजवीकडच्या खुर्चीची जागा आणि उंचीचा आकडा संगणकात घातला. "बसून बघा तरी."

ते बायकोच्या खुर्चीत बसले आणि डोकं डागाला टेकेपर्यंत खाली घसरले. धावपट्टी, डोंगर, आभाळ, सगळं सरळ झालं.

"आता डावीकडे या, काका. उडवायचं ना?"

"थांब गं," ते म्हणाले. "ती इतकी थांबली, विमान थांबेल पाच मिनिटं."